आचार्य धर्मानंद कोसंबी : लेकरांचे बोट धरून समुद्रापार गेलेला धम्मपंडित

विहाराच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत धम्मासाठी झिजलेल्या एखाद्या थोर माणसाची ओळख करून द्यावी, असा आमचा विचार होता. नावे पुष्कळ पुढे आली. शेवटी आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव धरले. त्याला कारणही तसेच आहे. आपल्या बोईसर-तारापूर, पालघर भागातली मुले-मुली आता शिकून पुढे चालली आहेत. औद्योगिक वसाहतीत पाळी करून ज्यांनी मुले शिकवली, त्या आईबापांच्या तोंडी आता परदेशाची भाषा असते. कुणाची मुलगी परदेशी शिकायला जायची म्हणते, कुणाचा मुलगा नोकरीला. वंदना आटोपली की सतरंजीवर बसल्याबसल्या हाच विषय निघतो. पोरगं तिकडे जाऊन आपलं राहील का, ही धाकधूक प्रत्येक घरात आहे. अशा वेळी शंभरावर वर्षांपूर्वी आपल्या दोन लेकरांना घेऊन अमेरिकेला गेलेल्या एका मराठी बापाची हकीकत सांगणे आम्हाला उपयोगाचे वाटते.

आणि समुद्रापार जाणे ही गोष्ट आपल्या मुलखाला काही नवी नाही. बोईसरहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की तासाभराच्या अंतरावर नालासोपारा येते. पालि ग्रंथांत ज्याला सुप्पारक म्हटले आहे ते बंदर म्हणजे हेच सोपारा. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला आणि त्यातून धातुकरंडक बाहेर आला. याच किनाऱ्यावरून गलबते दूरदेशी जात होती आणि त्यांच्याबरोबर बुद्धाचा विचारही जात होता. पुढे समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असे सांगणारे लोक या देशात प्रबळ झाले, तो भाग निराळा.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घरी नारळाची बागायत, पण खाऊनपिऊन शिल्लक काही नाही. शिक्षणाची सोय अशी नव्हतीच. थोडेबहुत मराठी शिक्षण झाले, बाकी जे मिळेल ते वाचून काढायचे. लहान वयातच लग्न झाले. पत्नीचे नाव बालाबाई. संसाराचा व्याप अंगावर पडला, पण मन त्यात रमेना. अशात १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' नावाचे लहान मुलांचे मराठी मासिक त्यांच्या हाती आले आणि त्यात भगवान बुद्धाचे चरित्र त्यांनी वाचले. मोठमोठे ग्रंथ वाचून माणसे बदलतात असे आपण ऐकतो. इथे मुलांच्या एका मासिकाने एका माणसाच्या आयुष्याची दिशाच फिरवली. घरातल्या मुलांसाठी चांगले पुस्तक घ्यायचे तर हात आखडता घेऊ नये, हे आम्ही उगाच सांगत नाही.

बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा या ध्यासाने १८९९ च्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले. घरी तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी माणिक. खिशात पैसा नाही, इंग्रजी येत नाही. आधी पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धाचा धर्म जिवंत पाहायला मिळेल म्हणून हालअपेष्टा सोसत नेपाळला गेले, तर तिथे हाती निराशा आली. तिथून बुद्धगया, कलकत्ता आणि १९०२ मध्ये सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पालि शिकले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले. ज्या भाषेत बुद्धवचन जपले गेले, ती भाषा शिकण्यासाठी एका भारतीयाला देशाबाहेर जावे लागले! आपल्या भूमीत आपलेच धन उरले नव्हते, ते असे.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट लिहिली पाहिजे. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या घरच्या बाईने काय सोसले हे बहुधा गाळले जाते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा आपण सांगतो तेव्हा यशोधरेचे नाव घेतोच. तसेच धर्मानंदांची कथा सांगताना बालाबाईंचे नाव घेतले पाहिजे. नवरा कुठे आहे, येणार की नाही, याची खात्री नसताना त्या बाईने लेकरू सांभाळून वर्षे काढली. गावातल्या लोकांची बोलणी खाल्ली असतील ती वेगळीच. धम्माच्या अभ्यासाची किंमत धर्मानंदांनी दिली तशी ती बालाबाईंनीही दिली, आणि त्यांना तर कुणी विचारलेही नव्हते.

धर्मानंदांना याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. १९०६ मध्ये ते चीवर उतरवून गृहस्थ वेषात कलकत्त्याला आले. तिथे पालि शिकवण्याचे काम मिळाले. मग गोव्याला जाऊन ते घरच्यांना भेटले आणि संसाराला पुन्हा लागले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, तो दामोदर. पुढे मनोरमा आणि कमला या आणखी दोन मुली झाल्या. ज्या माणसाने धम्मासाठी एकदा घर सोडले होते, त्याने नंतर धम्माच्या वाटेवर लेकरांनाही बरोबर घेतले. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा सगळा अर्थ या एका बदलात आहे.

कलकत्त्याची बऱ्या पगाराची नोकरी होती. पण आपल्या माणसांत, मराठी मुलखात धम्माचे ज्ञान पोचावे ही तळमळ. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना ५० रुपयांची सोय केली, त्यावर भागवून धर्मानंद महाराष्ट्रात आले. बडोद्यात त्यांची व्याख्याने झाली, ती 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. याच सयाजीरावांनी पुढे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब न्यूयॉर्कला १९१३ ते १९१६ या काळात होते. धर्मानंद त्याआधी आणि त्यानंतर बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी होते. एकाच राजाच्या मदतीचा हात लाभलेले दोन विद्वान एकाच देशात राहून आले, पण त्यांचे दिवस जुळले नाहीत.

आता अमेरिकेचे काम काय होते ते सांगतो. आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन भागांत धम्माची सगळी साधना त्यात मांडली आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या विद्वानाने या ग्रंथाची पाठशुद्ध आवृत्ती करायला घेतली होती, पण काम अर्धवट टाकून ते १८९९ मध्ये वारले. ते पुरे करणारा माणूस हार्वर्डला हवा होता. प्राध्यापक जेम्स वुड्स यांची आणि धर्मानंदांची ओळख झाली, त्यातून १९१० मध्ये धर्मानंद हार्वर्डला गेले. साखवाळचा, शाळेचा दाखला नसलेला माणूस जगातल्या एका मोठ्या विद्यापीठात पालि ग्रंथ शोधायला बसला!

पण मान मिळाला तसा अपमानाचा घासही आला. तिथले प्राध्यापक चार्ल्स लॅनमन आणि धर्मानंद यांच्यात ग्रंथावर कुणाचे नाव कसे घालायचे यावरून वाद झाला. धर्मानंदांना आपल्या कामाचे श्रेय हवे होते, आणि त्यात काहीच गैर नव्हते. काम अपुरे राहिले, १९१२ मध्ये ते परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवू लागले. तिथून पालि शिकलेली विद्यार्थ्यांची पिढी बाहेर पडली. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला चांगला माहीत आहे. म्हणून हा प्रसंग वाचताना धर्मानंद आम्हाला फार जवळचे वाटतात.

सहा वर्षे गेली. हार्वर्डहून पुन्हा बोलावणे आले. धर्मानंदांनी मनातला कडवटपणा बाजूला ठेवला, कारण ग्रंथ पुरा व्हायला हवा होता. मात्र या खेपेला ते एकटे निघाले नाहीत. १९१८ साल. पहिल्या महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष. अशा दिवसांत त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि ११ वर्षांचा दामोदर यांना बरोबर घेतले आणि अमेरिका गाठली. बालाबाई आणि धाकट्या मुली मागे राहिल्या, म्हणजे वियोग या खेपेलाही टळला नाही.

जरा त्या काळाचा विचार करा. विशीच्या आसपासच्या मुलीला घरात ठेवायचे नाही, तिचे लग्न उरकायचे, हीच रीत होती. तिला समुद्रापार कॉलेजात घालणे म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच. धर्मानंदांनी मुलगा आणि मुलगी असा भेद केला नाही. हार्वर्डमध्ये त्या वेळी मुलींना प्रवेश नव्हता. मुलींसाठी शेजारीच रॅडक्लिफ कॉलेज होते. माणिक तिथे शिकल्या आणि १९२२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. १८९९ साली ज्या तान्ह्या मुलीला सोडून बाप धम्माच्या शोधात निघून गेला होता, तीच ही माणिक. एका अर्थाने बापाने लेकीचे जुने देणे फेडले असे आम्ही समजतो. बालाबाईंचे देणे मात्र तसे फिटले असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

दामोदरला केंब्रिजच्या शाळेत घातले. गोव्या-पुण्याकडचा पोर तिथल्या मुलांत बसू लागला. तिथल्या बॉय स्काउटमध्ये दाखल झाला, पुढे केंब्रिजच्या लॅटिन शाळेत शिकला. एकामागून एक भाषा त्याने आत्मसात केल्या. तिथेच त्याची नॉर्बर्ट वीनर या बुद्धिमान तरुणाशी मैत्री जमली. नॉर्बर्टचे वडील लिओ वीनर हे हार्वर्डला स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते, म्हणजे धर्मानंदांचे सहकारीच. नॉर्बर्ट वीनर पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले. दोन बाप भाषापंडित आणि दोघांचीही मुले गणितात निघाली!

बापाने मुलावर पालि लादली नाही, ही गोष्ट आम्हाला फार शिकण्यासारखी वाटते. आपल्यातले कितीतरी आईबाप मुलाला डॉक्टरच कर, इंजिनीअरच कर, म्हणून त्याच्या मागे लागतात. धर्मानंदांनी मुलाला दुनिया दाखवली आणि निवड त्याच्यावर सोडली. स्वतः मात्र ते ग्रंथालयात आपल्या पोथीशी बसून राहिले. घरात बाप रोज अभ्यासाला बसलेला दिसला की पोराला वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेचे वैभव पाहून धर्मानंद दिपून गेले असेही झाले नाही. तिथल्या शिस्तीचे, ग्रंथालयांचे, ज्ञानाच्या कदरीचे त्यांना कौतुक होते. पण तिथली भांडवलशाही आणि कामगारांची स्थितीही त्यांनी डोळसपणे पाहिली. समाजवादाकडे त्यांचे मन तिथेच ओढले गेले. चांगले ते घ्यावे, वाईट ते ओळखावे, आणि ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही तर तथागतांचीच शिकवण. परदेशात कसे राहावे याचा याहून चांगला धडा दुसरा कोणता असेल?

१९२२ मध्ये धर्मानंद आणि माणिक परतले. दामोदर शाळेसाठी तिथेच राहिला आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात घरी आला. १९२६ मध्ये बाप आणि मुलगा पुन्हा अमेरिकेला गेले. या खेपेला दामोदर हार्वर्डचा विद्यार्थी होता. जॉर्ज बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याला फक्त गणितावर भर द्यायला सांगितले, पण याने इतिहास, भाषा, शास्त्रे असे अनेक विषय घेतले. १९२९ मध्ये तो अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. आणि मग काय केले? भारतात परतला आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागला. मग अलीगढ, मग वडिलांनी जिथे पालि शिकवली त्याच फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. पोरगं तिकडे जाऊन आपलं राहील का, या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे.

धर्मानंदांचे पाय मात्र थांबत नव्हते. अमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन बौद्ध विद्येच्या अभ्यासकांत राहिले. परत आले तो देशात मिठाचा सत्याग्रह पेटला. १९३० च्या त्या लढ्यात उतरून त्यांनी तुरुंगवासही भोगला. त्यानंतर ते आणखी एकदा हार्वर्डला जाऊन आले. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभा केला. जगातल्या विद्यापीठांत मान मिळवलेल्या माणसाने विहारासाठी जागा निवडली ती कामगारांच्या चाळींमधली. आपला विहारही कामगारांच्या वस्तीतला आहे, म्हणून हे आवर्जून नमूद करतो.

१९४०-४१ मध्ये 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही चमत्काराच्या वळणाची कथा त्यांनी पालि ग्रंथ तपासून बाजूला सारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे लक्ष वेधले. पुढे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्याचाच संघर्ष आलेला आपण वाचतो. आपल्या भागात पाण्यावरून होणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मांडणीचे मोल वेगळे सांगायला नको.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात, अन्नत्याग करून, धर्मानंदांनी शांतपणे देह ठेवला. देश स्वतंत्र व्हायला अडीच महिनेही राहिले नव्हते.

आता त्या ग्रंथाचे काय झाले? 'विसुद्धिमग्ग' सामान्य भारतीय अभ्यासकाच्या हाती पडावा म्हणून धर्मानंदांनी तो देवनागरीत सिद्ध केला होता. तो मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये छापला. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती मात्र १९५० साली निघाली. ज्या कामाला चौतीस वर्षांचे असताना हात घातला होता, ते छापून आलेले पाहायला ते उरले नव्हते. पण त्यावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापले गेले. हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेतला तो ४१ वा ग्रंथ. त्याच मालेतला ४२ वा ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, 'सुभाषितरत्नकोश'. बंगालमधल्या जगद्दल विहारात राहणाऱ्या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी केलेला हा सुभाषितांचा संग्रह. त्याचे संपादक कोण? वासुदेव विश्वनाथ गोखले आणि दामोदर धर्मानंद कोसंबी! अकराव्या वर्षी बापाचे बोट धरून जो पोर केंब्रिजला गेला, त्याचा ग्रंथ बापाच्या ग्रंथाला लागून उभा राहिला. एक विसुद्धीचा मार्ग आणि दुसरा विहारात जपलेला काव्याचा ठेवा.

दामोदर कोसंबी गणिती होते, तसे भारताच्या इतिहासाला नवी दृष्टी देणारे इतिहासकारही होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी १९६२ पर्यंत काम केले. आमच्या तारापूरकरांना त्यांची आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. देशात अणुशक्तीचे वारे जोरात होते, त्या काळात, १९६० साली, त्यांनी पुण्यात भाषण करून भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे असे आग्रहाने मांडले. १९६६ मध्ये ते वारले आणि १९६९ मध्ये आपल्या तारापूरला अमेरिकेच्या मदतीने उभारलेले देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. कुणाचे बरोबर, कुणाचे चूक, हा वाद इथे नको. पण अमेरिकेत वाढूनही अमेरिकेला जे भले तेच आपल्याला भले असे न मानणारा आणि आपल्या उन्हाकडे बघून विचार करणारा तो माणूस होता. बापाने परदेशात नेऊन हेच तर शिकवले होते.

उपासक-उपासिकांनो, आपल्या मुलांना परदेशी पाठवायला आम्ही नको म्हणत नाही, उलट खुशाल पाठवा. मुलगा जाईल तशी मुलगीही जाऊ द्या. जमले तर एकदा तुम्हीही जाऊन या, मुलगा कुठे राहतो, काय शिकतो, डोळ्यांनी बघा. खर्चाचे जमत नसेल तर निदान रविवारी मुलाला घेऊन सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत तरी जा. तिथे उभे राहून त्याला सांगा, की इथून माणसे समुद्रापार गेली आणि काहीतरी देऊन, काहीतरी घेऊन आली. आणि घरातून जे निघतात त्यांच्यासाठी जी माउली मागे राहून घर धरून ठेवते, तिला त्या दिवशी विसरू नका. धर्मानंदांबरोबर बालाबाईंच्याही स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.

भवतु सब्ब मंगलं!